पाण्याच्या मागाने फराहबाग

इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात स्ट्रॅटफील्ड से नावाचा एक वाडा आहे. वॉटर्लूच्या युद्धानंतर कृतज्ञ झालेल्या इंग्रज राष्ट्राने आपल्या विजयी सेनापतीला, म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टनला, जी देणगी मंजूर केली तिच्यातून १८१७ साली हा वाडा व त्याभोवतालची जमीन खरेदी झाली, आणि तेव्हापासून आजतागायत ती मिळकत त्याच्याच वंशजांच्या वहिवाटीत आहे. वर्षातले काही नेमस्त दिवस लोकांना ती तिकीट काढून पाहता येते. त्या दिवशी दिवाणखाने उघडतात, ग्रंथसंग्रह उघडतो, उपवनातून आणि वृक्षराजीतून हिंडण्यास मोकळीक असते. आणि हिंडता हिंडता प्रेक्षक एका ओक वृक्षाखाली येऊन थांबतो, कारण वॉटर्लूच्या रणांगणावर ड्यूकला दिवसभर पाठीवर वागविणाऱ्या कोपनहेगन नावाच्या घोड्याची समाधी तेथे आहे. हा घोडा १८३६ साली मरण पावला, त्याला लष्करी इतमामाने मूठमाती देण्यात आली, आणि त्याच्या नावाचा कोरीव दगड लोक आजही थांबून वाचतात.

इंग्लंडात स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांना असे वाडे आता अपरिचित राहिलेले नाहीत. सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह, गावाकडून आलेल्या आईवडिलांना बरोबर घेऊन, शिदोरी बांधून ही मंडळी एखाद्या जुन्या सरदाराच्या बागेत जातात, आणि तेथील नीटनेटकेपणाची वर्णने पत्रांतून व आता दूरध्वनीवरील छायाचित्रांतून आपल्यापर्यंत येतात. स्ट्रॅटफील्ड सेची तशी वर्णने ऐकताना आमच्या मनात दरवेळी एकच विचार येई, की ज्या सेनापतीच्या घोड्याची समाधी लोक इतक्या आस्थेने पाहतात, तो सेनापती ड्यूक होण्याच्या अकरा वर्षे आधी, नुसता मेजर-जनरल आर्थर वेलस्ली असताना, आमच्या नगरच्या भुईकोटासमोर तोफा लावून उभा होता. १२ ऑगस्ट १८०३ रोजी किल्ला त्याच्या स्वाधीन झाला. पुढच्याच महिन्यात असईची लढाई झाली, आणि हॅम्पशरमधल्या त्या वाड्याकडे जाणारी त्याच्या भाग्याची वाट दख्खनच्या या पठारावरून निघाली. त्या वाड्याइतक्याच, किंबहुना त्याहून जुन्या आणि त्याहून थोर कल्पनेच्या एका उद्यानगृहाचे अवशेष त्या वेळी किल्ल्यापासून कोस-दीड कोसावर उभे होते आणि आजही आहेत. त्याचे नाव फराहबाग. तेथे जाण्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही, आणि तरीही जन्मभर नगरात राहून ज्यांनी ते पाहिले नाही अशा सज्जनांची संख्या थोडी नाही. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिला आहे.

फराहबाग पाहावयाची तर तिच्या दारापासून आरंभ करू नये, असे आमचे मत आहे. निजामशाहीतील बागांची गोष्ट पाण्यापासून सुरू होते आणि पाणी डोंगरापाशी सुरू होते. म्हणून आश्विनाच्या आरंभी, पाऊस नुकताच उघडला असताना, आम्ही आणि आमचे एक जुने शिक्षक मित्र सकाळीच पाथर्डीच्या रस्त्याने पूर्वेला निघालो आणि शहरापासून तीनेक कोसांवर असलेल्या शाह डोंगराची चढण चढलो. या डोंगराच्या माथ्यावर जी अष्टकोनी इमारत मैलोगणती दुरून दिसते, तिला नगरची सारी प्रजा चांदबिबीचा महाल म्हणते. वास्तविक ती मूर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीने १५९५-९६च्या वेढ्यात शहाजादा मुराद याच्या मोगल फौजेपासून किल्ला कसा राखला, ही कथा लोकांच्या अंतःकरणात इतकी खोल रुजली आहे, की डोंगराच्या माथ्यावर उभ्या असलेल्या वास्तूला लोकांनी तिचे नाव द्यावे यात नवल नाही. परंतु त्यामुळे सलाबतखानाचे नाव मात्र मागे पडले, आणि ज्याने या कोरड्या मुलखात पाण्याची एवढी तजवीज केली त्याची ओळख त्याच्याच कबरीवरून पुसली गेली, याचे आम्हांस मनापासून वाईट वाटते.

इमारत तीन मजल्यांची, सुमारे सत्तर फूट उंचीची, चोहोबाजूंनी कमानींच्या ओवरीने वेढलेली आहे. दगड साधा, नक्षी जवळजवळ नाही. कबरी तळघरात आहेत. भिंतीच्या पोटातून वर जाणारा जिना चढून कमानीत उभे राहिले म्हणजे पश्चिमेला सीनेचे खोरे, भिंगारची छावणी, नगर शहराचा सर्व विस्तार आणि चहूकडून उठलेल्या लहानमोठ्या टेकड्या एका दृष्टिक्षेपात येतात. आमचे मित्र भूगोलाचे शिक्षक होते. त्यांनी हातातली काठी उचलून एकेक डोंगर, त्याच्या पायथ्याचे गाव आणि त्या गावावरून शहराकडे आलेला उतार असा दाखविला, की सलाबतखानाने आपल्या चिरविश्रांतीसाठी हीच जागा का निवडली असावी, याविषयी आमच्या मनात एक कल्पना दृढ झाली. ज्या प्रदेशातील प्रत्येक ओघळ त्याने पाहून ठेवला होता, तो सर्व प्रदेश येथून त्याच्या नजरेखाली राहणार होता. ही केवळ आमची कल्पना आहे; पण त्या कमानीत उभे राहून दुसरी कल्पना सुचणे कठीण आहे.

नगरचा प्रदेश पर्जन्यछायेचा. सालिना वीस-बावीस इंच पाऊस, तोही बेभरवशाचा. अशा ठिकाणी राजधानी वसवावी आणि तिच्याभोवती बागा उठवाव्यात, ही बुद्धी अहमद निजामशहाला झाली ती मुळी एका लढाईनंतर. पाथरीच्या ब्राह्मण कुळात जन्मून बहामनी दरबारात वजिरीपर्यंत चढलेल्या मलिक हसनचा हा पुत्र. २८ मे १४९० रोजी जहांगीरखानाच्या हाताखालील बहामनी फौजेचा त्याने येथे पराभव केला, आणि विजयाच्या जागी त्याने पहिली गोष्ट केली ती बाग लावण्याची. बाग निजाम हे तिचे नाव. शहराचा पाया त्यानंतर, १४९४ साली, सीनेच्या काठी घातला गेला. म्हणजे नगर हे आधी बाग आणि मग शहर, असे जन्मले. त्याच बागेच्या जागेभोवती पुढे तट उठले, हुसेन निजामशहाने ते दगडात बांधले, आणि आजचा भुईकोट सिद्ध झाला.

या आदिउद्यानाचा शेवटचा माग एका वेगळ्याच हाताला लागला. १९४२च्या ऑगस्ट महिन्यात ‘चले जाव’च्या ठरावानंतर काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सभासद नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. जवाहरलाल नेहरूंनी वेळ घालविण्यासाठी राहत्या जागेसमोरच्या अंगणात फुलझाडांचे वाफे खणण्यास आरंभ केला. जमीन खडकाळ, राडारोड्याने भरलेली. आणि खणता खणता तिच्यातून जुन्या भिंतींचे, पूर्वीच्या इमारतींचे अवशेष वर येऊ लागले. तेथेच लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या पहिल्या प्रकरणात त्यांनी या खणण्याची हकीकत नमूद केली आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी जेथे बाग निजाम होती, तेथे एका राजबंद्याने पुन्हा वाफे काढावेत, हा योग आम्हांस इतिहासातील मोठ्या हृद्य योगांपैकी एक वाटतो, आणि किल्ला पाहावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांना नेत्यांच्या खोल्यांबरोबर ते अंगणही हटकून दाखवावे असे आम्ही सुचवितो.

डोंगर उतरून आम्ही भातोडीस गेलो. मेहेकरी नदीवरील हा तलाव मूळ सलाबतखानानेच बांधविला. महाराष्ट्राच्या इतिहासात भातोडीचे नाव १६२४च्या लढाईमुळे अजरामर आहे. मलिक अंबराने याच तलावाचे पाणी मोगल व आदिलशाही फौजांच्या तळावर सोडून त्यांची दाणादाण उडविली, त्याच्या बाजूने लढताना शहाजीराजांनी आपले शौर्य प्रथम सर्व दख्खनला दाखविले, आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजीराजे येथेच धारातीर्थी पडले. शरीफजीराजांची समाधी गावात आहे. सलाबतखान वारल्याला त्या वेळी पस्तीस वर्षे झाली होती. त्याने साठविलेल्या पाण्याने त्याच्या धन्याचे राज्य मरणोत्तर एकदा वाचविले. पुढे बांध फुटून तलाव निकामी झाला आणि इंग्रजी अमदानीत दुरुस्त होऊन पुन्हा वाहता झाला.

काठावर शेरडे राखीत बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला आमच्या मित्रांनी विचारले, “बाबा, यंदा तळं भरलंय का?”

“भरलंय की. औंदा कांद्याला पाळ्या मिळत्याल,” बाबा म्हणाले, आणि थोडे थांबून, “तुम्ही राजांची समाधी बघाया आलाव का तळं?”

दोन्ही, असे सांगितल्यावर त्यांना समाधान वाटल्यासारखे दिसले. “लोक समाधीला येत्यात अन् जात्यात. तळं कुणी इचारीत नाही. वजिरानं बांधलंय म्हणत्यात, आमचा आज्जा सांगायचा.” सलाबतखानाचे नाव त्यांस ठाऊक नव्हते, त्याचा हुद्दा मात्र ठाऊक होता. शहरात ज्याची कबर चांदबिबीच्या नावावर जमा झाली आहे, त्याचे कर्तृत्व या काठावर तोंडी परंपरेने का होईना, शिल्लक आहे.

दुपार कलताना सोलापूरच्या रस्त्याने आम्ही फराहबागेच्या अंगास आलो. हा सर्व टापू लष्करी वसाहतीचा. चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र स्वातंत्र्यानंतर नगरास आले, आणि १९९४ साली येथे रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. ते पाहण्यास दूरदूरच्या शाळांच्या सहली येतात आणि ते पाहण्याजोगे आहेही. तेथून निघालेल्या सहलीतील थोडीच मुले पुढे फराहबागेपर्यंत येतात.

इमारत प्रथम दुरून दिसते ती काहीशी ओकीबोकी. सभोवतालचा तलाव पावसाळ्यात ठिकठिकाणी पाणी धरतो, एरवी गवत माजलेला खळगा असतो, झाडी विरळ, आणि मधोमध एका बाजूच्या वाटेने पोहोचता येईल अशी, कोपरे छाटून अष्टकोनी केलेली ती दुमजली वास्तू. चार दिशांना चार प्रचंड कमानी. त्यांतून आत शिरले की मधले दालन दोन्ही मजल्यांची उंची घेऊन घुमटापर्यंत चढते, आणि त्याच्या चारी कोपऱ्यांतून लहानलहान खोल्या, जिने, सज्जे एकमेकांत उघडत जातात. बांधकाम दगडचुन्याचे, त्यावर चुन्याची घोटीव गिलाव्याची कातडी. ती जेथे शाबूत आहे तेथे आजही हात फिरवावासा वाटतो इतकी तुळतुळीत आहे. दालनाच्या मध्यावर उभे राहून चारी दिशांना पाहावे: प्रत्येक कमानीत एक आकाशाचा तुकडा आहे. पूर्वी त्याच्या खाली पाणी होते, पाण्यापलीकडे बाग होती, बागेपलीकडे डोंगर होते. आता मधल्या दोन गोष्टी नाहीत.

या दालनात वारा सतत वाहतो. उन्हाळ्यात तलावावरून येणारा वारा थंड होऊन या कमानींतून आत शिरावा, उंच घुमटाखाली उष्ण हवा वर चढावी आणि खाली बसणाऱ्याला उकाडा जाणवू नये, अशी ही सर्व रचना आहे. पाणी हा या वास्तूचा अलंकार होता असे समजणारांनी दुपारच्या वेळी येथे थोडा काळ बसून पाहावे. पाणी हे तिचे अर्धे अंग होते. ते गेल्यावर जे उरले, ते दगडचुन्याचे दुसरे अर्धे.

बांधकामाची हकीकतही साधी नाही. मूर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत चंगीजखान वजिराच्या काळी या कामास हात लागला, पण उभी राहिलेली इमारत राजाच्या मनास आली नाही, म्हणून ती उतरवून नव्याने उभारण्यात आली, आणि सलाबतखानाच्या देखरेखीखाली १५८३ साली हे काम पुरे झाले, असे सांगितले जाते. मूर्तजाला लोक दिवाणा म्हणत. राज्यकारभार वजिरावर सोपवून तो एकांतात राही. फराहबागेत दिल्लीच्या एका गवयाबरोबर बुद्धिबळ खेळत बसे, त्याला त्याने फतेहशहा असे नाव दिले होते, आणि त्याच्यासाठी बागेत लाकडी महालही बांधला होता. ज्याने इतक्या हौसेने थंडाव्याची ही जागा करविली, त्या राजाचा अंत १५८८ साली त्याच्याच मुलाच्या हातून, हमामात कोंडून, खाली जाळ पेटवून झाला. इतिहासकार फिरिस्ता त्या दिवसांत नगरच्या दरबारी पहाऱ्यावरचा अंमलदार होता. पुढच्याच वर्षी तो विजापुरास निघून गेला, आणि सलाबतखानही त्याच साली वारला. फराहबागेचे भरभराटीचे दिवस यापुढे फार उरले नव्हते. १६०० साली किल्ला मोगलांकडे गेला, १६३६ साली निजामशाहीच संपली.

नगरकर मंडळी पाहुण्याला फराहबाग दाखविताना एक गोष्ट हटकून सांगतात, की शहाजहानने ही इमारत पाहिली आणि तिच्यावरून ताजमहालाची कल्पना त्याला सुचली. या अभिमानामागचे प्रेम आम्ही ओळखतो, पण फराहबागेला या दाखल्याची गरज आहे असे आम्हांस वाटत नाही. मध्ये घुमटाचे दालन, चार दिशांना चार कमानी, कोपऱ्यांत आठ खोल्या, ही योजना तैमूरवंशीयांच्या खुरासानातून निघाली. तिच्या एका शाखेवर दिल्लीस हुमायूनची कबर उभी राहिली, दुसऱ्या शाखेवर नगरास फराहबाग. मोगलांनी ती मृतांसाठी वापरली, निजामशहांनी बुद्धिबळ खेळावयास, गाणे ऐकावयास, वारा खावयास वापरली. हा फरकच आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. शहराच्या उत्तरेस सावेडीच्या बाजूला हश्त बिहिश्त बागेत याच कल्पनेचा पहिला नमुना पडक्या अवस्थेत आहे. ती बाग अहमद निजामशहाच्या काळातली, म्हणजे फराहबागेहून पाऊणशे वर्षांनी जुनी, आणि तेथेही तलावाच्या मध्ये अष्टकोनी मंडप होता.

या बागांतून कोणती झाडे होती, कोणती फुले होती, हे मात्र इमारतींवरून कळत नाही. त्यासाठी पुण्यास जावे लागते. भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या काव्याची सचित्र पोथी आहे. हुसेन निजामशहाच्या स्तुतीपर लिहिलेल्या या फारसी काव्यातील एका चित्रात सुंदरीच्या स्पर्शाने वृक्षाला बहर येण्याचा प्रसंग रंगविला आहे. हा दोहदाचा संकेत आपल्या संस्कृत काव्यांतला. पोथी फारसी, राजा मुसलमान, त्याचा खापरपणजा पाथरीचा ब्राह्मण, आणि चित्रातला वृक्ष कालिदासाच्या उपवनातला: निजामशाही दरबाराची घडण इतक्या थोड्या जागेत दुसरे कोणते साधन दाखवील असे आम्हांस वाटत नाही.

आता ज्या विषयासाठी आम्ही डोंगरापासून आरंभ केला तो विषय. फराहबागेच्या तलावात पाणी येई ते डोंगरपायथ्याच्या उगमांवरून, खापरी नळांनी. नगरभोवतीच्या गावांची नावे घ्यावीत, कापूरवाडी, वडगाव, शेंडी, शहापूर, भिंगार, निमगाव, आणि प्रत्येक नावाबरोबर एकेक नळयोजना निघते. १८८४ सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरने त्यांची तपशीलवार नोंद केली आहे. पद्धत अशी: टेकडीच्या पायथ्याशी, जेथे झरे जिवंत असत, तेथे विहिरी घेत, त्या जमिनीखालच्या बोगद्याने एकमेकींस जोडीत, आणि गोळा झालेले पाणी भाजलेल्या मातीच्या, एकात एक बसणाऱ्या नळांतून, दगडचुन्याच्या बांधणीत दडवून, केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत नेत. वाटेत ठिकठिकाणी उंच उच्छ्वास बांधीत. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, नळावरचा दाब सुटे, आणि गाळ खाली बसे. उतार किती ठेवावयाचा, उच्छ्वास किती अंतरावर घ्यावयाचा, हे सर्व अनुभवाने ठरलेले. येथे एका हाताची जरी चूक झाली असती तरी कोसभर पुढे पाणी चढले नसते. हीच विद्या पुढे मलिक अंबराने खडकीस, म्हणजे औरंगाबादेस, नेली आणि नहर-ए-अंबरी सिद्ध केली. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यास नळ आणला तो याच परंपरेत बसतो.

इंग्लंडातील चॅट्सवर्थच्या वाड्यात १८४४ साली जोसेफ पॅक्स्टनने जे विख्यात कारंजे उडविले, त्यासाठी त्याने डोंगरावर एक विस्तीर्ण तलाव खोदविला आणि तेथून नळाने पाणी खाली आणले. कोणत्याही यंत्रावाचून, केवळ उंचीच्या जोरावर ते कारंजे जवळजवळ तीनशे फूट उडू शके. चॅट्सवर्थला येणाऱ्या प्रेक्षकाला तो डोंगरावरचा तलावही पाहता येतो. त्याकडे जाणाऱ्या वाटा जपल्या आहेत, आणि पाणी कोठून येते हे तेथील सहलीचे एक अंगच आहे. त्याच तत्त्वावर त्याच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधी चाललेली आमची योजना मात्र कोणाच्या शेतात, कोणाच्या घराखाली, कोणत्या रस्त्याच्या भरावात गेली, हे सांगणारी पाटीही वाटेवर नाही.

इंग्रजांचे वाडे आपोआप टिकले, असा समज कोणी करून घेऊ नये. पहिल्या महायुद्धानंतर वारसाकराच्या ओझ्याखाली शेकडो वाडे पाडले गेले, त्यांची तावदाने आणि तुळया लिलावात निघाल्या. १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टने त्यावर तोड काढली. १९३७ साली पार्लमेंटने कायदा केला, त्यान्वये जमीनदाराने वाडा, बाग आणि तिच्या खर्चाची तरतूद असे सर्व मिळून ट्रस्टच्या हवाली करावे आणि लोकांना ते पाहण्यास मोकळे राहावे, अशी व्यवस्था झाली. लॉर्ड लोथियनने १९४०मध्ये मृत्युपत्राने ब्लिकलिंगचा वाडा असाच दिला. येथे आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या मंडळींनी वास्तू सुटी घेतली नाही. बागेसह घेतली, तळ्यासह घेतली, स्वयंपाकघर, तबेले, माळ्याची कोठी, हिशेबाची दफ्तरे यांसह घेतली, कारण यांपैकी एक गळाले तरी उरलेल्याचा अर्थ बिघडतो हे त्यांनी जाणले होते. आपल्याकडे स्मारक म्हणजे भिंत अशी समजूत आहे. भिंतीला कुंपण पडते, भिंतीसमोर नियमांची निळी पाटी लागते, आणि ज्या नळावाचून त्या भिंतीला काही प्रयोजनच नव्हते तो नळ कुणाच्याच यादीत नसतो.

दिवस मावळण्याच्या आत आम्ही सीनाकाठच्या बाग रौझ्यात गेलो. अहमद निजामशहाची कबर येथे आहे, निजामशाहीतील बहुधा सर्वांत देखणी. चौरस, काळ्या दगडाची, घुमटाची, आणि तिच्या कोरीव कामावर आजही डोळा ठरतो. आवारात एक चौथरा असा दाखवितात, की तेथे गुलामअली नावाचा हत्ती पुरला आहे. २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटच्या रणात विजयनगरच्या रामरायाला ज्याने सोंडेने उचलले तोच हा हत्ती, असे सांगतात. येथे आम्हांस स्ट्रॅटफील्ड सेच्या घोड्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. दोन्ही मुक्या जनावरांनी आपापल्या धन्याला एक निर्णायक दिवस पार करून दिला, आणि दोघांनाही धन्याच्या भूमीत जागा मिळाली. कोपनहेगनच्या समाधीवर दगड आहे, दगडावर नाव आहे, शेजारी राखलेले झाड आहे. गुलामअलीचे नाव तेथे दाखविणाऱ्या माणसाच्या स्मरणात आहे, तेवढेच. तो चौथरा कोणाचा आहे, एवढे मराठीत कोरून एक साधी शिळा तेथे बसविण्यास फार मोठी रक्कम लागणार नाही.

जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. ज्या साध्वीचे हे नाव, तिचा जन्म ३१ मे १७२५ रोजी याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चौंडी गावी झाला, आणि तिने हिंदुस्थानभर घाट बांधले, विहिरी खणविल्या, बारवा दुरुस्त केल्या. जलकार्याला धर्म मानणाऱ्या त्या माउलीचे नाव ज्या जिल्ह्याने धारण केले, त्याने आपल्याच भूमीतील जलकार्याकडे पाठ फिरवू नये, अशी आमची येथील अधिकाऱ्यांस व नागरिकांस कळकळीची विनंती आहे. फराहबागेच्या तलावात पुन्हा पाणी भरावे, असा आमचा आग्रह नाही. आज ज्या मुलखात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत, तेथे शोभेसाठी पाणी मागणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. परंतु नळाचा माग निश्चित करता येतो. इंग्रजी अमदानीत, १८५४ साली स्थापन झालेल्या नगरपालिकेने यांपैकी काही नळ दुरुस्त करून शहराला पाणी दिले होते. म्हणजे त्या काळच्या कागदांतून शोधास आरंभ करता येईल. गावोगावच्या विहिरी, बोगद्यांची तोंडे, उभे असलेले आणि पडलेले उच्छ्वास यांची पाहणी व्हावी, ती गावनकाशावर चढावी, आणि ज्या ज्या गटातून नळ जातो त्या गटाच्या सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात त्याची नोंद व्हावी, म्हणजे उद्या कोणी पाया खणताना त्याला निदान आपण काय फोडीत आहोत हे कळेल. हे काम तलाठी, भूमिअभिलेखाचा मोजणीदार, महाविद्यालयातील इतिहासाचे दोन-चार विद्यार्थी आणि गावातील एक जाणता माणूस एवढ्यांनी होण्याजोगे आहे. कापूरवाडी-शेंडीच्या शिवारांत नांगराला खापर कोठे लागते हे ठाऊक असलेली म्हातारी माणसे अजून हयात आहेत. रब्बीची पेरणी आटोपली की त्यांना सवड असते, आणि त्याच सुमारास गवतही वाळून उच्छ्वासांचे चौथरे उघडे पडू लागतात.